फ्लिंट पेयजल प्रदूषण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरात २०१४–१५ मध्ये नळाच्या पाण्यात शिसे उतरून उद्‌भवलेली आपत्ती. पर्यावरण अभियांत्रिकीतील विद्यापीठीय संशोधनाने ती उघडकीस आणली, यामुळे ती विशेष उल्लेखनीय ठरली.

कारणे : शहराला पूर्वी डिट्रॉइटहून ह्यूरन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी मिळे. खर्च वाचविण्यासाठी २५ एप्रिल २०१४ पासून फ्लिंट नदीचे पाणी देण्यात येऊ लागले. जुन्या वस्त्यांत रस्त्याखालील जलवाहिनीपासून घरापर्यंतच्या अनेक नळ्या शिशाच्या होत्या. पाण्यात अल्प ऑर्थोफॉस्फेट असल्यास अशा नळीच्या आत शिशाच्या न विरघळणाऱ्या फॉस्फेटाचा थर बसतो व धातू पाण्यात उतरण्यास प्रतिबंध होतो. डिट्रॉइटच्या पाण्यात हे द्रव्य असे. नव्या व्यवस्थेत ते मिसळले गेले नाही. शिवाय पाण्यातील क्लोराइड व सल्फेट यांचे वस्तुमान-गुणोत्तर ०·४५ वरून १·६ वर गेल्याने पाण्याची संक्षारकता वाढली. संरक्षक थर सुटू लागला. लोखंडी नळ गंजून पाणी तांबूस झाले व त्या विक्रियेत क्लोरीन खर्ची पडून निर्जंतुकीकरणही दुबळे झाले. यंत्रभाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये एका मोटार कारखान्याने हे पाणी घेणे थांबविले. नागरिकांना मात्र तेच पुरविले जात होते.

संशोधन : २०१५ मध्ये एका घरातील पाण्यात लिटरमागे कमाल १३,२०० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. त्यानंतर व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील मार्क एडवर्ड्‌स व सहकाऱ्यांनी नमुने घेण्याचे ३०० संच नागरिकांना पाठविले. किमान सहा तास नळीत साचलेले पहिले पाणी, ४५ सेकंदांनंतरचे व दोन मिनिटांनंतरचे पाणी असे प्रत्येक घरातून तीन नमुने घेण्यात आले. सरकारी तपासणीत आदल्या रात्री नळ सोडून ठेवण्याच्या सूचनेमुळे साचलेले शिसे आधीच वाहून जाई व प्रमाण कमी भासे. विद्यापीठाच्या पहाणीत, सर्वाधिक दूषित अशा दहा टक्के घरांतील पहिल्या नमुन्यांत शिशाचे प्रमाण लिटरमागे २५ मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले. उपाययोजना बंधनकारक ठरविणारी मर्यादा १५ होती.

शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचू शकते व त्याची सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. बालरोगतज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये रुग्णालयीन नोंदी तपासल्या. रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेल्या पाच वर्षांखालील मुलांची टक्केवारी २·४ वरून ४·९ झाल्याचे त्यांत दिसले.

परिणाम : १६ ऑक्टोबर २०१५ रोजी डिट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले व जानेवारी २०१६ मध्ये संघीय आणीबाणी जाहीर झाली. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी निर्दोष असले, तरी ते घरातील नळापर्यंत तसेच राहील असे नाही. म्हणून जलगुणवत्तेची कसोटी नळाशीच घेतली पाहिजे, हे या संशोधनाने दाखवून दिले.