एकच प्रबंध, अनेक पैलू

ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण म्हणजे विषयांचे परस्परसंबंध ठरवून त्यांनुसार ग्रंथांना जागा देणे. छापील ग्रंथ कपाटात एकाच ठिकाणी ठेवता येतो, म्हणून मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून ग्रंथांना दशांश क्रमांक देण्याची पद्धत मांडली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये कोलन, म्हणजे द्विबिंदू, वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि पुढे प्रत्येक विषय व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश व काल या पाच पैलूंत उलगडून दाखवला. संगणकावरील संग्रहाला कपाटाची मर्यादा नसल्याने ही पैलूंची दृष्टी तेथे विशेष उपयोगी ठरते.

उदाहरणार्थ, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि मातीच्या जड धाब्यांची घरे कोसळली. त्या घरांच्या पुनर्बांधणीवर प्रबंध लिहिला गेला, तर घर हे त्याचे व्यक्तित्व, दगड-माती हे द्रव्य, पुनर्बांधणी ही ऊर्जा, लातूर-उस्मानाबाद परिसर हा अवकाश आणि 1993 नंतरची वर्षे हा काल होय. हे पैलू स्वतंत्रपणे नोंदवले, की स्थापत्याचा विद्यार्थी, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि गावचा इतिहास शोधणारा वाचक वेगवेगळ्या वाटांनी त्याच प्रबंधापाशी पोहोचतात.

देशभरातील प्रबंधांच्या 'शोधगंगा' या संग्रहाची मांडणी मुख्यतः विद्यापीठ व विभाग यांनुसार आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये स्थापन झाले; त्याआधी नांदेड-लातूरची महाविद्यालये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे एकाच प्रदेशावरील संशोधन दोन विद्यापीठांच्या नावांखाली विभागले जाते. शिवाय लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला आणि उस्मानाबादचे नावही आता धाराशिव झाले आहे. म्हणून अवकाशाचा पैलू कालाशी जोडून, जुनी-नवी नावे आणि त्यांची मराठी-इंग्रजी रूपे एका प्रमाणित यादीत परस्परांना बांधणे आवश्यक ठरते.

हे काम यंत्रावर पूर्णपणे सोपवता येत नाही, कारण एखाद्या प्रबंधाचा मुख्य विषय घर आहे की विस्थापन, हे तो वाचूनच ठरते. प्रबंध सादर होतानाच संशोधक आणि ग्रंथपाल यांनी मिळून वर्णनात्मक नोंदी, म्हणजे मेटाडेटा, भरल्यास किल्लारीच्या रहिवाशाला विद्यापीठाचे नाव ठाऊक नसतानाही आपल्या गावावरील संशोधन सापडू शकेल. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर त्याचा तेवढा हक्क निश्चितच आहे.