अमक्या गावची माणसे उद्धट का वाटतात?

एखाद्या प्रदेशातली माणसे उद्धट असतात हे मत बहुधा त्या प्रदेशाबाहेर तयार होते. पुणेकर तुसडा, कोल्हापूरकर रांगडा, नागपूरकराच्या तोंडी 'बे' आणि मालवणी माणसाच्या तोंडी शिवी, असे शिक्के महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या तऱ्हांवर जे कथन रंगवले, त्याला दाद मिळते ती श्रोत्यांना हे शिक्के आधीपासून पाठ असल्यामुळेच.

रायगड जिल्ह्याच्या वाट्याला तर परस्परविरोधी शिक्के आले आहेत. शहरातून पेण-रोह्याकडे आलेल्या माणसाला तिथले आगरी बोलणे पहिल्या भेटीत अंगावर आल्यासारखे वाटते. याच पट्ट्यातल्या माणसाला मुंबईने मात्र 'अलिबाग से आया है क्या' म्हणत भोळसट ठरवले. या वाक्यावर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, ते फार मनाला लावून घेऊ नयेत, असा निकालाचा रोख होता. एकाच किनाऱ्यावरची माणसे उद्धटही ठरतात आणि भोळीही. हे शिक्के त्या माणसांविषयी जितके सांगतात, त्याहून जास्त ऐकणाऱ्याच्या अपेक्षांविषयी सांगतात.

आदर कुठे दडलेला असतो

समोरच्याशी बोलताना मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन पर्याय आहेत. कोणाला काय म्हणायचे याचा नियम मात्र साऱ्या महाराष्ट्रात एक नाही. देशावरच्या अनेक घरांत वडील 'तुम्ही' असतात आणि आई 'तू' असते. त्यामुळे आईचा मान कमी होतो असे कोणी मानत नाही. विठोबालाही 'तू'च म्हटले जाते. कोकणात बऱ्याच घरांत वडीलही 'तू'च असतात.

पेण, अलिबाग आणि रोह्याच्या खारेपाटात बोलल्या जाणाऱ्या आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही एकेरी हाक मारण्याची रीत जुनी आहे. तिथे आदर क्रियापदात नसतो. तो दादा, नाना, आका, बाय अशा नात्याच्या हाकेत असतो. 'नाना, तू कवा आलास?' या वाक्यात आदर पुरेपूर आहे. शहरी कानाला 'तू' टोचतो आणि 'नाना' ऐकूच येत नाही. नागपूरचा 'बे' मित्रांमध्ये सलगीचा असतो, पण पुण्यात अनोळखी माणसाला लावला तर भांडण होते. मालवणी गजालीत शिवी पुष्कळदा जवळिकीचीच खूण असते. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेले गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवले, तेव्हा ही बोली तिच्या सगळ्या मोकळेपणासह बाकीच्या महाराष्ट्राला परिचयाची झाली.

उच्चारांचाही यात वाटा आहे. आगरीत 'गाडी'ची 'गारी' होते. शाळेची आणि छापील मजकुराची प्रमाण मराठी मुख्यतः पुण्याच्या सुशिक्षितांच्या बोलण्यावर बेतलेली आहे. त्यामुळे तिच्यापासून दूर असलेली प्रत्येक बोली 'अशुद्ध' ठरली आणि अशुद्ध बोलणारा असंस्कृतही ठरू लागला. बोली उद्धट वाटण्यामागे अनेकदा हा सामाजिक दर्जाचा निवाडा असतो.

जवळीक आणि अंतर

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तमिळ, इंग्रजी आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांचा अभ्यास करून १९७८ मध्ये शिष्टाचाराचा एक सिद्धान्त मांडला. प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. आपल्याला आपले मानले जावे ही एक, आणि आपल्या कामात कोणी लुडबूड करू नये ही दुसरी. प्रत्येक समाज या दोन्ही गरजा सांभाळतो, पण त्यांना सारखे वजन देत नाही.

रोह्याजवळच्या गावात वाटेत भेटलेल्याला 'कुठे चाललास?', 'जेवलास का?' असे विचारणे हीच विचारपूस असते. न विचारता पुढे जाणारा 'माजलाय' असे म्हटले जाते. शहरात नेमका हाच प्रश्न आगाऊपणा ठरतो. गावाच्या मते शहरी माणूस तुटक असतो आणि शहराच्या मते गावचा माणूस भोचक. दोघेही आपापल्या ठिकाणी सभ्यच वागत असतात.

बोलण्याची लयही प्रदेशानुसार बदलते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी एका मेजवानीतले संभाषण ध्वनिमुद्रित करून त्याचे विश्लेषण केले आणि ते १९८४ च्या पुस्तकात मांडले. त्यात न्यूयॉर्कची माणसे दुसऱ्याचे बोलणे संपायच्या आतच बोलू लागत. त्यांच्या दृष्टीने तो उत्साह होता. कॅलिफोर्नियाच्या माणसांना वाटे की आपल्याला बोलूच दिले जात नाही. कोकणातल्या ओटीवर चार जण एकदम बोलत असतात, तेव्हा नव्या पाहुण्याची अशीच पंचाईत होते.

गर्दी आणि घाई

सगळा फरक रीतीचाच असतो असे मात्र नाही. परिस्थितीही माणसाला तुटक बनवते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये लिहिले की महानगरात मनावर इतके आघात होतात की माणूस बचावासाठी अलिप्त होतो. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये हाच विचार पुढे नेला. प्रत्येक अनोळखी माणसाकडे लक्ष देणे महानगरात शक्यच नसते, म्हणून शहरी माणूस संपर्क आखडता घेतो. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ३६८ माणसे होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार. लोकलच्या दारात 'जरा सरकता का?' असे विचारायला सवड नसते. तिथे खांद्यानेच विचारले जाते.

छोट्या गावांतही काही जागा आणि काही दिवस असे असतात. रोहा हे कोकण रेल्वेचे उत्तरेकडचे टोक आहे. गाडीतून उतरणाऱ्याची गाठ आधी मिनीडोअरवाल्याशी पडते. त्याला सीट भरायच्या असतात आणि पुढची गाडी यायच्या आत फेरी मारायची असते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत चतुर्थीच्या तोंडावर रंगकाम, पॅकिंग आणि गाड्या भरणे एकाच वेळी चाललेले असते. त्या दिवसांत घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळालेले तुटक उत्तर त्या आठवड्याचे असते, पेणचे नसते. पण परगावचा माणूस भेटतो तो रिक्षावाले, कंडक्टर आणि दुकानदार यांनाच, तेही घाईच्या वेळी. त्यांच्यावरून तो सगळ्या गावाचा स्वभाव ठरवतो. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या परिस्थितीऐवजी स्वभावात शोधण्याची ही सवय मानसशास्त्रात सुपरिचित आहे.

पुणेरी पाटीचे कोडेही यातून बरेचसे सुटते. एकच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जाऊ नये म्हणून पाटी लावली जाते. पण पाटीला आवाज नसतो आणि चेहराही नसतो. तोंडी सांगताना हसून सौम्य करता आले असते, तेच लेखी वाक्य फटकारल्यासारखे वाटते.

मोजमापाचा घोळ

सौजन्य मोजायचे प्रयत्नही झाले आहेत. 'रीडर्स डायजेस्ट'ने २००६ मध्ये ३५ शहरांत चाचणी घेतली. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतात का, पडलेले कागद उचलून देतात का आणि दुकानात खरेदीनंतर आभार मानतात का, हे पाहिले गेले. न्यूयॉर्क पहिले आले आणि मुंबई शेवटी. आपल्याकडे वाण्याने सुट्टे पैसे देताना आभार मानण्याची रीतच नाही. त्याऐवजी ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी मिळते आणि घरच्यांची चौकशी होते. या चाचणीत त्याला गुण नव्हते.

रॉबर्ट लेव्हिन यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत वेगळीच कसोटी लावली. अंध माणसाला रस्ता ओलांडायला, पाय दुखावलेल्याला पडलेल्या वस्तू उचलायला कोणी मदत करते का, आणि पडलेले पेन कोणी परत करते का, हे त्यांनी तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रिओ द जानेरो पहिले होते आणि कोलकाता वरच्या क्रमांकांत होते. न्यूयॉर्क शेवटून दुसरे आले. अमेरिकेतल्या ३६ शहरांच्या त्यांच्या आधीच्या अभ्यासात लोकवस्तीच्या दाटीचा मदतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला होता. दाटी वाढली की मदत घटते.

गोड बोलणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन याद्यांतून स्पष्ट होते. खरा उद्धटपणा सगळीकडेच असतो. समोरच्याला कमी लेखण्याच्या हेतूने आपल्याच समाजाची रीत मोडणे म्हणजे उद्धटपणा. एखादा माणूस उद्धट आहे का हे ठरवताना तो आपल्या गावातल्या थोरामोठ्यांशी आणि शेजाऱ्यांशी कसा बोलतो हे पाहावे लागते. तो त्यांच्याशी जसा बोलतो तसाच परक्याशी बोलत असेल, तर त्याने परक्याचा अपमान केलेला नसतो. आपल्या माणसांना द्यायचा तोच मान त्याने परक्यालाही दिलेला असतो.