नोकरदार आईचा पोशाख आणि वेळेचा हिशेब

वस्त्राची किंमत म्हणजे त्यावर लावलेल्या चिठ्ठीवरचा आकडा, असा सर्वसाधारण समज असतो. नोकरी सांभाळून मूल वाढविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब अपुरा ठरतो. कपडा धुणे, वाळविणे, कांजी करणे आणि इस्त्री करणे यांत जाणारा वेळही बहुधा तिच्याच खात्यावर नावे पडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे जातात, तर पुरुषांची 88. 2019 च्या सर्वेक्षणात हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली!

बंगळुरूत घर ते कार्यालय हे अंतर लोक तासांत सांगतात. मुलाचा डबा, शाळेची बस आणि स्वतःचे निघणे यांच्या मध्ये इस्त्रीसाठी उरणारी दहा मिनिटे तेथे फार मोलाची असतात. त्यातून या शहराचे हवामान सुखद असले, तरी पोशाखाच्या दृष्टीने सोपे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहरात जानेवारीच्या सकाळी पारा 15-16 अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी 27 अंशांच्या आसपास जातो. कार्यालयातील वातानुकूलन हा आणखी एक निराळा ऋतू. मे महिन्यात सुरू होणारा पाऊस ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून भेटत राहतो. म्हणून जाड अशा एकाच कपड्यापेक्षा पातळ कुडता आणि त्यावर सहज चढविता-उतरविता येणारे जाकीट किंवा शाल ही जोडी येथे अधिक उपयोगी पडते.

कापडाची निवड करताना आधी धाग्याचा स्वभाव ओळखावा. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा सामावून घेतो, व्हिस्कोस (ज्याला दुकानात रेयॉन म्हणतात) 12 टक्क्यांच्या वर, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुती कपड्यात घाम टिपला जातो आणि पॉलिएस्टरमध्ये तो अंगावरच चिकटून राहतो, याचे कारण हेच. मात्र ज्या गुणामुळे सुती कापड सुखावह होते, त्याच गुणामुळे ते चुरगळतेही. सुती धाग्यातील रेणू एकमेकांना हलक्या बंधांनी धरून असतात. पाणी किंवा घाम आत शिरला की हे बंध सुटतात, बसल्याजागी कापड दुमडले की नव्या जागी पुन्हा जुळतात आणि सुरकुती कायम होते. इस्त्रीची वाफ हेच बंध पुन्हा सोडवून सरळ रेषेत बसविते.

यावर रसायनशास्त्राने दोन उपाय काढले. पहिला मिश्रणाचा. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन संशोधकांनी पॉलिएस्टर धागा तयार केला आणि पुढे सुताबरोबर त्याची वीण घालून जे कापड आले, ते आपल्याकडे टेरिकॉट म्हणून घरोघर पोहोचले. दुसरा उपाय सुतावरच प्रक्रिया करण्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या विदुषीने 1950 च्या दशकापासून या विषयावर मोलाचे काम केले. सुताच्या रेणूंमध्ये पक्के दुवे घातल्यामुळे ते जागचे हलत नाहीत आणि वाळलेला कपडा जवळजवळ सपाट राहतो. मात्र या प्रक्रियेने धागा थोडा कमजोर होतो आणि कॉलर, बाही, घड्या येथे लवकर विरतो. शिवाय प्रक्रियेतील फॉर्मल्डिहाइडचा अंश नव्या कपड्यात राहू शकतो. असा कपडा पहिल्यांदा घालण्यापूर्वी एकदा धुऊन घेणे शहाणपणाचे, विशेषतः तान्हे मूल कडेवर असेल तर.

एकंदरीत दोन भाग पॉलिएस्टर व एक भाग सूत असलेले कापड लवकर वाळते, पण एप्रिलच्या दुपारी बसमध्ये नकोसे होते. सुताचा भाग अधिक असलेले मिश्रण हा कामाच्या दिवसांसाठी चांगला मध्यममार्ग आहे. व्हिस्कोस अंगाला मऊ लागते, पण ओले असताना कमजोर होते आणि पुष्कळदा आटते. ते पिळू नये. आणखी एक जुनी युक्ती नक्षीची. बारीक छाप, चौकडी किंवा खडबडीत विणीच्या कापडावर सुरकुती आणि दुधाचा डाग दोन्ही लपतात, फिक्या सपाट रंगावर दोन्ही दूरवरून दिसतात.

आता पैशांचा हिशेब. समजा, एक कुडता 900 रुपयांना मिळाला, पण प्रत्येक वेळी दहा रुपये देऊन इस्त्री करून घ्यावी लागते. दुसरा 1,300 रुपयांचा, पण झटकून वाळविला की घालण्याजोगा होतो. दोन्ही साठ वेळा वापरले, तर पहिल्याचा खर्च 1,500 रुपये होतो, म्हणजे प्रत्येक वेळेस 25 रुपये. दुसऱ्याचा जेमतेम 22 रुपये. इस्त्री घरीच केली, तर पैसे वाचतील; पण प्रत्येक वेळी आठ मिनिटे धरली तरी साठ वेळांची आठ तास होतात. कामाचा एक पूर्ण दिवस एका कुडत्यापायी जातो.

धुलाईच्या बाबतीत बंगळुरूची अडचण पाण्याची आहे. शहरात सामील झालेल्या 110 गावांसाठी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. तरीही अनेक इमारती कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून आहेत आणि हे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुना साबणाशी मिळून राखाडी साका धरतो, कपडा ताठर आणि निस्तेज होतो. पावडर वाढविण्याऐवजी सुती कपड्यांसाठी तिच्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळावा. रेशीम आणि लोकर यांना मात्र सोडा लावू नये. कपड्याच्या आतील पट्टीवरची चिन्हेही वाचण्यासाठीच असतात. इस्त्रीच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. पाण्याच्या टोपल्यात हात दिसला तर कपडा हातानेच धुवावा, टोपल्यावर फुली असेल तर पाण्यात घालू नये.

साडी की सलवार-कुडता, हा वाद घरोघरचा आहे आणि त्याचा निकाल जाण्यायेण्याच्या साधनावरून लावणे बरे. म्हैसूरचे क्रेप रेशीम किंवा इरकल ही कपाटाची शोभा असली, तरी सोमवारी सकाळी सोयीची नव्हे. बिनकांजीची मऊ सुती किंवा मिश्र धाग्याची साडी, पदर खांद्यावर टाचलेला, ही कार्यालयात दिवसभर टिकते. दुचाकीवर मात्र पदर आणि ओढणी या दोन्ही गोष्टी धोक्याच्या. मागच्या चाकात वस्त्र अडकू नये, म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारे आच्छादन केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनी बंधनकारक केले आहे. दिसायला बरे नाही म्हणून ते काढून टाकणारी मंडळी घरातील बाईच्या जिवाशी खेळतात. ओढणी दोन्ही टोके मागे गाठवून जाकिटाच्या आत घ्यावी किंवा प्रवासात पिशवीतच ठेवावी.

बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रीची गरज आणखी वेगळी. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ देण्याची 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोयही या संहितेत आहे. कायद्याने दिलेली ही काही मिनिटे मागच्या बाजूच्या हुकांशी झगडण्यात जाऊ नयेत. पुढे बटणपट्टी असलेला कुडता किंवा शिवणीत लपविलेली चेन असलेला कुडता यासाठी उपयोगी. दोन खोल खिसे शिवून घ्यावेत हेही तितकेच खरे. किल्ल्या, प्रवासपत्र आणि भ्रमणध्वनी यांसाठी पुरुषाच्या सदऱ्याला खिसा असतो, स्त्रीच्या कुडत्याला का नसावा, याचे पटण्यासारखे उत्तर कोणत्याही दुकानदाराकडे नाही.

येथे शिंप्याचे महत्त्व येते. बंगळुरू ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची नगरी आहे. तेथे शिवणयंत्रावर बसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत, त्यांतील अनेक आयाही आहेत. कारखान्यातला कपडा स्वस्त पडतो, पण कापड वाचविण्यासाठी त्याची शिवण अगदी काठावर मारलेली असते. घराजवळच्या शिंप्याकडे गोष्ट वेगळी. 1638 साली बंगळुरूची जहागिरी शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून या शहराचा मराठीशी संबंध आहे. नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांतील अनेक कुटुंबांत येथे आजही घरी मराठीच बोलली जाते. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी ‘माया’ म्हणतो. कुडता शिवायला टाकताना दोन्ही बाजूंना एकेक इंच माया ठेवायला सांगावे. बाळंतपणानंतर अंग भरले की शिवण उसवून कपडा सैल करता येतो, वर्षाने उतरले की तीच शिवण पुन्हा आत घेता येते, आणि नव्या मापाच्या चार कपड्यांचा खर्च टळतो.