माहेरचं आडनाव शोधताना

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खेड्यातल्या बाईचा माग नुसत्या तिच्या नावाने काढू गेलं, तर तो बहुधा लग्नापाशीच तुटतो. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसती आकड्यांनी मोजली जात. म्हणून शोध घ्यावा तो तिच्या भोवतालच्या माणसांचा. बापाच्या मृत्युपत्रात लेक सासरच्या आडनावाने भेटू शकते. नवऱ्याने जमीन विकली, तर आपला हक्क सोडल्याचा तिचा कबुलीजबाब अनेक राज्यांत खरेदीखताला जोडला जाई. यादवी युद्धात नवरा गमावलेल्या विधवेला पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे. त्या अर्जांत नातलगांच्या, शेजाऱ्यांच्या साक्षी सापडतात.

यावर आक्षेप असा, की एकाच नावाच्या दोन बायका असू शकतात आणि जनगणनेतली वयंही भरवशाची नसतात. आक्षेप रास्त आहे; म्हणूनच एकाच कागदावर विसंबू नये. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला झालेली वर्षं, झालेली आणि हयात मुलं, एवढं विचारलं होतं. हे तपशील इतर दस्तऐवजांशी जुळले, तरच नातं पक्कं मानावं.