जीभ अडते, पण दोष जिभेचा नाही!

दोस्तांनो, केज, धारूर, अंबाजोगाई... बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत डोकावा. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणतो, तेव्हा अडखळणारा मुलगाही सहसा खणखणीत म्हणतो. हजेरीला मात्र ‘ह... ह... हजर’ करताना घामाघूम! घरी आजी जिभेला वेखंड चोळते. जीभ बिचारी ठणठणीत असते!

खरी गोम मेंदूत आहे. बोलण्याचं बरंचसं काम मेंदूची डावी बाजू सांभाळते. शब्द जुळवणं एका भागात, ओठ-जीभ हलवणं दुसऱ्या. मधले मज्जातंतूंचे जुडगे तारांसारखे निरोप नेतात. २००२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एमआरआयने पाहिलं, तर अडखळणाऱ्या मोठ्या माणसांत डावीकडच्या तारांची वीण थोडी वेगळी दिसली. पुढे लहान मुलांतही असा फरक आढळला. म्हणजे हा नुसता सवयीचा परिणाम नव्हे. निरोपाची वेळ बहुधा इथेच चुकते. पाढे म्हणताना ताल बाहेरून मिळतो, म्हणून ते सुटत असावेत. हुशारीशी याचा काडीचा संबंध नाही.

आईबाबा, ‘नीट बोल’ म्हणून दटावू नका. लहानपणीचं अडखळणं बहुतेकांचं आपोआप जातं. टिकलं तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि दोस्तांनो, मित्राचा शब्द तुम्ही पुरा करू नका. हजेरीला दोन सेकंद जास्त लागले, तर मधली सुट्टी काही पळून जात नाही!