जुन्या वॉर्निशवर नवा रंग : दार खरवडायचं की नाही?

उज्जैन : फ्रीगंजात रस्त्याकडे तोंड असलेलं जुनं सागवानी दार पाच-सात वर्षांत पिवळट पडतं, खालच्या फळीचे पोपडे सुटतात. मग घरात ठरतं, आता गडद अक्रोडी रंग द्यायचा. दुकानदार स्टेनचा डबा देतो, मिस्त्री एका दिवसात फासतो आणि पहिल्या पावसात रंग चिकट होऊन ओघळतो. डबा बहुतेक वेळा चांगलाच असतो. चूक असते ती खालचं वॉर्निश तसंच ठेवण्याची.

स्टेन लाकडात मुरतो, तेव्हाच टिकतो. वॉर्निश म्हणजे लाकडावरचा पापुद्रा, त्यातून काही आत जात नाही. दारावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर पापुद्रा शाबूत आहे, पसरून लाकूड काळपट झालं तर तिथला पापुद्रा संपला आहे. मग ब्लेडने बारीक चौकटी चिरून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. तुकडे पट्टीबरोबर आले तर त्यावर कितीही महागडा हात दिला तरी तो खालच्यासकट सुटणार.

पापुद्रा घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही, पण रंग फक्त गडदच होऊ शकतो. १८० नंबरच्या कागदाने (फ्रीगंजात ‘रेगमाल’ मागा, कोल्हापुरात ‘पॉलिश पेपर’) चमक मारायची, धूळ पुसायची आणि रंग मिसळलेल्या, बाहेरच्या वापराच्या वॉर्निशचे दोन पातळ हात द्यायचे. जाड एक हात दिला की ब्रशचे पट्टे दिसतात.

फिकट रंग हवा असेल, किंवा लाकडाच्या रेषा उठून दिसायला हव्या असतील, तर मात्र सगळं काढावंच लागतं. आधी स्पिरिटचा बोळा घासून बघा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश आहे, स्पिरिटनेच निघेल. नाहीतर पेंट रिमूव्हर लावून पापुद्रा फुगू द्या आणि रेषेच्या दिशेने खरवडा. नंतर ८० नंबर, मग १२०. बाहेरच्या लाकडाला फार गुळगुळीत करू नये, स्टेन धरत नाही. खिळ्यांभोवतीचे काळे डाग कागदाने जात नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो डाग, त्याला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लागतं. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि नंतर लाकूड दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवायचं. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून वॉर्निशच्या आधी थिनरचा बोळा फिरवला तर ते वेळेत वाळतं.

वॉर्निशखाली जुना ऑइलपेंट निघाला तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं. कागद ओला करून घासा, मुलांना दूर ठेवा.

पश्चिमेच्या दाराला पारदर्शक वॉर्निश देण्याचा आग्रह सोडलेला बरा. ऊन आरपार जातं, आतल्या लाकडाचा वरचा थर कुजवतं आणि पापुद्र्याला धरायला काही उरत नाही. रंगातले कण ऊन अडवतात, म्हणून थोडा गडद हात जास्त टिकतो. फळीची खालची कड मात्र कुणी रंगवत नाही, आणि पाणी शिरतं तिथूनच.

सगळ्यांना काम दिवाळीआधी हवं असतं, पण पावसाचं पाणी तेव्हा लाकडात असतं. माळव्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, वरचा थर आधी सुकतो आणि आत बुडबुडे राहतात. तेव्हाच करायचं असेल तर सकाळी सावलीत करा.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा, नाहीतर पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.