गाठ पाठीत, मग डॉक्टर छातीचा स्कॅन का सांगतात?

सकाळी नाशिक रोड स्टेशनवर पंचवटी एक्सप्रेसची वाट बघणाऱ्यांमध्ये नोकरदारांसोबत एमआरआयच्या मोठ्या पिशव्या घेतलेले लोकही दिसतात. दादरला उतरायचं आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं. १९४१ पासून सुरू असलेल्या या हॉस्पिटलात राज्यभरातून पेशंट येतात. पाठीत गाठ सापडलेल्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, दुखतंय पाठीत, मग छातीचा स्कॅन कशाला?

गाठ मूळची कुठली?

मणका म्हणजे हाड आणि त्याच्या आतून जाणारी नसांची दोरी म्हणजे मज्जारज्जू. मणक्यातली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा बाहेरून आलेली असते. स्तन, फुफ्फुस किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर रक्तातून हाडात पोहोचतो. म्हणून आधी मूळ शोधावं लागतं.

उलटा प्रवास होतो का?

होतो, पण फार क्वचित. मज्जारज्जूतच तयार झालेल्या गाठी मुळात दुर्मिळ. त्या पसरल्याच तर सहसा मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणाऱ्या द्रवातून, म्हणजे त्याच भागात वर-खाली पसरतात.

याला अपवाद आहेत. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला होणारी ‘मिक्सोपॅपिलरी एपेन्डिमोमा’ ही गाठ हळू वाढते. तरीही काही पेशंटमध्ये ती फुफ्फुसांपर्यंत गेल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वर्गीकरणात तिला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत टाकलं. ऑपरेशननंतर बरीच वर्षं उलटल्यावरही ती परत येऊ शकते, त्यामुळे बरं वाटलं तरी तपासण्या सोडायच्या नाहीत.

मग प्रत्येक पाठदुखीला घाबरायचं का?

नाही. बहुतेक पाठदुखी स्नायूंची किंवा चकतीची असते. आपल्याकडे मणक्याचा टीबीही आढळतो. पण ‘मणक्यात गॅप असेल’ म्हणून ही लक्षणं अंगावर काढू नका:

- रात्री झोपेतून उठवणारं, वाढत जाणारं दुखणं
- पायातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं
- मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा
- लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं
- आधी कॅन्सर होऊन गेला असताना नव्याने सुरू झालेली पाठदुखी

पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं ही इमर्जन्सी आहे. चालता येत असतानाच उपचार सुरू झाले, तर पुढेही चालता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशा वेळी मुंबईच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा.